जंबेरीच्या खुंटावर

आमच्या अंगणातल्या संत्र्याला पाचव्या वर्षी फळे आली आणि ती पाहून सारी गल्ली हसली.

हुडकेश्वरला घर बांधले तेव्हा नागपूरकराच्या दारात एक तरी संत्र्याचे झाड असावे, अशी हौस मी पुरवून घेतली होती. रस्त्याच्या कडेला रोपे मांडून बसलेल्या एका विक्रेत्याकडून कलम आणले, खड्डा खणला, शेणखत घातले आणि कलम चांगले घट्ट बसावे म्हणून खोडाभोवती भरपूर माती ओढून ती पायाने दाबली. झाड वाढले ते असे जोमाने की येणाराजाणारा थांबून पाही. काटे मात्र फार. पाचव्या वर्षी फळे धरली. ती पिकली तेव्हा पिवळी, खडबडीत, जाड सालीची आणि अशी आंबट की जिभेने टाळूला हात जोडावेत! ‘सरांच्या संत्र्याला चेंडू लागले’ असे पोरांनी जाहीर करून टाकले.

हुडकेश्वर म्हणजे नागपूरचा आग्नेयेकडचा कोपरा. म्हाळगीनगरचा चौक मागे टाकून पुढे आले की शहर हळूहळू विरळ होऊ लागते. एका बाजूला तीन मजली घर, त्याला लागून मोकळा प्लॉट, त्यात पावसाळाभर छातीइतका तरोटा. पलीकडे उमरेडचा रस्ता. आता हा भाग महापालिकेत आला आहे. पण आमच्या खरेदीखतावर अजून ‘मौजा हुडकेश्वर’ असेच लिहिलेले आहे आणि घराला आधी खसरा क्रमांक आहे, मग प्लॉट क्रमांक. ज्या जमिनीवर माझे स्वयंपाकघर उभे आहे ती कालपरवापर्यंत कुणाचे तरी वावर होती, हे तो कागद मला विसरू देत नाही. पाया खणताना निघालेली काळी, चिकट माती पाहून गवंडी म्हणाला होता, “सर, ही माती घराची नव्हे, पऱ्हाटीची होय.”

आमच्या माडीवरच्या खोलीत कृषी महाविद्यालयाचा एक विद्यार्थी राहतो. महाविद्यालय येथून लांब, पण भाडे स्वस्त. काटोल तालुक्यातल्या एका संत्रा-बगीचेवाल्याचा तो मुलगा. गल्लीचे हसणे ऐकून तो खाली आला, त्याने एक पान चुरगळून नाकाशी नेले, खोडाशी बसून बोटाने माती उकरली आणि अगदी डॉक्टरच्या सुरात म्हणाला,

“सर, हे संत्रं नाही. ही जंबेरी आहे. तुमचं कलम तर केव्हाच मेलं. खालचा खुंट फुटून वर आला.”

मग त्याने मला जे सांगितले ते नागपुरात जन्म काढूनही मला ठाऊक नव्हते. आपण जे संत्रे खातो ते संत्र्याच्या मुळावर वाढत नाही. आधी जंबेरीचे बी लावायचे. रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की त्याच्या सालीला छेद देऊन त्यात संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा बसवायचा. याला ‘डोळा भरणे’ म्हणतात. डोळा जिवंत झाला की वरची जंबेरी छाटून टाकायची. खाली जंबेरीचे मूळ, वर संत्र्याचे झाड. जन्मभर मूळ राबते आणि नाव होते संत्र्याचे! वरचा डोळा मेला तर खुंट थोडाच मरतो? तो आपले मूळचे आंबट रूप घेऊन वर येतो.

मी मराठी शिकवतो. ‘कलम’ म्हणजे लेखणी, ‘कलम’ म्हणजे कायद्यातला मुद्दा आणि ‘कलम’ म्हणजे जोडलेले झाड, हे वर्गात दर वर्षी सांगतो. संस्कृतातले ‘जंबीर’ तेच आपले ‘जंबेरी’, आणि ‘नारंग’ हा शब्द पश्चिमेकडे जाता जाता इंग्रजीत ‘ऑरेंज’ झाला, हेही सांगतो. शब्दाचे मूळ शोधणारा हा माणूस, अंगणातल्या झाडाचे मूळ मात्र पाच वर्षे मातीत गाडून बसला होता!

“एकदा चला सर माझ्यासोबत,” विद्यार्थी म्हणाला. “चांगलं कलम कसं करतात ते दाखवतो.”

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी लागण्याच्या आधी एका सकाळी त्याच्या दुचाकीवर मागे बसून मी निघालो. शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जायचे होते. म्हाळगीनगर, तुकडोजी पुतळ्याचा चौक, मेडिकल चौक, सीताबर्डी, आणि मग नागनदीच्या काठचा महाराजबाग. नागपूरच्या पोरांना महाराजबाग म्हणजे वाघ आणि अस्वल. पण तो बाग ज्याच्या ताब्यात आहे ते कृषी महाविद्यालय १९०६ सालचे, देशातल्या जुन्या कृषी महाविद्यालयांपैकी एक. १९६९ मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ झाले, त्याला पंजाबराव देशमुखांचे नाव मिळाले, आणि हे महाविद्यालय त्या विद्यापीठाकडे गेले. वाघ पाहायला आलेली गर्दी या इमारतींकडे पाठ करून उभी असते. मीही लहानपणी तशीच पाठ केली होती.

संत्रे नागपूरचे म्हणून जगभर गाजले, तरी ते येथले मूळचे नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस रघूजीराजे भोसल्यांनी औरंगाबादेहून रोपे आणवली असे सांगतात. राजवाड्याच्या बागेतून ते शेतात उतरले आणि काटोल, नरखेड, कळमेश्वर, वरुड, मोर्शी या पट्ट्यात असे रमले की २०१४ मध्ये त्याला नागपूरच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले. रेल्वे स्थानकाजवळच्या भागाला आजही ‘संत्रा मार्केट’ म्हणतात. फळांचा मोठा बाजार मात्र कळमन्याला गेला. नाव राहावे आणि फळ हलावे, ही या फळाची जुनीच रीत दिसते.

अमरावती रस्त्याला लागल्यावर विद्यापीठाचे आवार गेले आणि केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचे फाटक आले. १९८५-८६ च्या सुमारास भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने येथे लिंबूवर्गीय फळांसाठी केंद्र उभे केले, त्याची ही आजची संस्था. फाटकाच्या आत शिरताच शहराचा आवाज बंद झाला. हिरव्या जाळीच्या सावलीत पिशव्यांतली रोपे पलटणीसारखी रांगेत उभी होती. माती निर्जंतुक केलेली, प्रत्येक रोप आपल्या पिशवीत, जमिनीला न टेकता. तिथले एक शास्त्रज्ञ आम्हांला बरोबर घेऊन फिरले.

पहिल्याच रांगेपाशी त्यांनी माझी शिकवणी घेतली. रोपाच्या खोडावर, मातीपासून वीतभर उंचीवर, एक बारीक गाठ होती. ते म्हणाले, “हा जोड. एवढा एक जोड सांभाळला तर निम्मी बाग वाचते. आमच्या काळ्या मातीत पाणी साचते. त्या ओल्या मातीत फायटॉफ्थोरा नावाचा शत्रू असतो. संत्र्याचे खोड मातीत गेले, ओले राहिले, की तो सालीत शिरतो. साल तडकते, डिंक वाहू लागतो. शेतकरी त्याला ‘डिंक्या’ म्हणतात. म्हणून डोळा उंच भरायचा आणि लावताना तो मातीच्या वर ठेवायचा.”

माझ्या डोळ्यांसमोर माझा पाय उभा राहिला, कलमाभोवती माती दाबणारा! त्या फायटॉफ्थोराच्याच एका भावंडाने १८४५ पासून आयर्लंडातली बटाट्याची शेते सडवून दुष्काळ आणला होता. माझ्या हौसेने त्याच कुळातल्या एकाला अंगणात जेवायला बसवले होते.

जंबेरीचा खुंट जोमदार खरा. पण या रोगापुढे तो दुबळा ठरतो. म्हणून संस्था ‘रंगपूर लाईम’ नावाचा दुसरा खुंट सुचवते. तो डिंक्याला अधिक तोंड देतो, पाण्याची ओढ सोसतो आणि चुनखडीच्या जमिनीतही तग धरतो. हे रंगपूर आजच्या बांगलादेशातले. ब्राझीलमध्ये १९३० नंतरच्या काळात आंबट नारिंगाच्या खुंटावरच्या बागा ‘ट्रिस्टेझा’ नावाच्या विषाणुरोगाने लाखो झाडांनिशी उठल्या. ट्रिस्टेझा म्हणजे त्यांच्या भाषेत उदासी. तेव्हा याच रंगपूरच्या खुंटाने तिथल्या बागा पुन्हा उभ्या करायला मोठा हात दिला.

“मग सगळ्यांनी रंगपूरच का लावत नाहीत?” मी विचारले.

“कारण नुसता खुंट बदलून भागत नाही,” ते म्हणाले. “वरच्या डोळ्यातच रोग असेल तर रंगपूरची साल सोलून निघते. मूळ आणि डोळा दोन्ही निरोगी पाहिजेत.”

निरोगी डोळा मिळवण्याची युक्ती त्यांनी मला प्रयोगशाळेच्या काचेतून दाखवली. झाडात विषाणू असला तरी वाढत्या कोंबाच्या अगदी टोकाशी तो सहसा पोचलेला नसतो. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असे ते टोक सूक्ष्मदर्शकाखाली कापून काचेच्या नळीतल्या कोवळ्या रोपावर बसवायचे. त्यातून उभे राहिलेले मातृवृक्ष जाळीत जपायचे आणि त्यांचे डोळे रोपवाटिकांना द्यायचे. एक मुलगी पापणी न हलवता ते काम करीत होती. माझे अंगण बिघडवणाऱ्या त्या रस्त्याकडच्या कलमात आणि या नळीतल्या टोकात केवढे अंतर! आणि दोन्ही एकाच शहरात.

येताना विद्यार्थी गप्प होता. सीताबर्डीच्या गर्दीत सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाला, “सर, इथून माझं गाव दीड तासाचं. आमचा बगीचा वाळून राहिला. बाबा एकदाही इथं आले नाहीत. मी चार वर्षं शिकतो, पण ते माझं ऐकत नाहीत.”

दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या गावी गेलो ते या एका वाक्यामुळे. आंबिया बहाराची तोड सुरू होती. अडीच एकरांत पावणेतीनशे झाडे. लांबून बाग हिरवी दिसे. आत शिरले की दर तिसरे झाड आजारी. पाने फिकट, शेंड्याच्या काड्या सुकलेल्या, खोडावर मधासारखा डिंक गोठलेला. विद्यार्थी एका झाडाशी बसला, त्याने खुरप्याने माती बाजूला केली. चार बोटे खाली गेल्यावर जोड सापडला. दुसऱ्याशी तेच, तिसऱ्याशी तेच. सोळा वर्षांपूर्वी बापाने मोठ्या मायेने साऱ्या बागेला माती चढवली होती. माझ्यासारखीच.

बाप धुऱ्यावर उभा राहून हे पाहत होता. सहा फूट उंच, उन्हाने रापलेला, बोलण्यात तडक.

“सर, पोरगा म्हणते पाणी खोडाले लागू देऊ नका. उन्हाळ्यात झाड जीव सोडून राह्यलं तं पाणी नाही द्याचं? तुमच्या त्या मोठ्या संस्थेतल्या साहेबाचं एक झाड वाळलं तं त्याचा पगार बंद होते का? माझं झाड वाळलं तं माझं वर्स जाते.”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मुलगाही मान खाली घालून बसला. थोड्या वेळाने बापानेच विचारले, “हुडकेश्वरले प्लॉट काय भावानं चालून राह्यला?” अर्धा बगीचा विकावा, मुलासाठी शहरात जागा घ्यावी, त्याने परीक्षा देऊन नोकरी धरावी, असा त्यांचा बेत होता. बगीच्याला गिऱ्हाईकही आले होते. मी भाव सांगितला. ज्या वावरावर माझे घर आहे त्याच्या मालकानेही एके दिवशी असाच कुणाला भाव विचारला असेल, हे मनात आले, आणि मी उगाच पाणी मागितले.

त्यांची अडचण खोटी नव्हती. आपले मोठे गिऱ्हाईक बांगलादेश. त्यांनी आयातशुल्क वाढवत वाढवत २०२३ मध्ये किलोमागे ८८ टक्यांवर नेले. वरुड-मोर्शीकडे विहिरी आटल्या, बोअर खोल खोल गेले. जगातही या फळाचे दिवस सोपे नाहीत. सायला नावाच्या चिमुकल्या किडीमार्फत पसरणारा ‘ग्रीनिंग’ रोग अमेरिकेच्या फ्लोरिडात २००५ मध्ये आढळला, आणि वीस वर्षांत तिथले संत्र्याचे उत्पादन दहाव्या हिश्श्याच्याही खाली आले. तो रोग आपल्याकडेही आहे. अशा वेळी चार अक्षरे शिकलेल्या पोराच्या शब्दावर कोण वर्षाचे पीक लावील?

दुपारी सावलीत भाकरी खाताना मी सहज विचारले, “भाऊ, आंबियाचा ताण पुरेसा झाला हे तुम्हांला कळते कसे?” संत्र्याचे झाड फुलावर आणायचे तर आधी त्याचे पाणी तोडावे लागते. जानेवारी-फेब्रुवारीत, आंब्याला मोहोर येतो त्या सुमारास फुलतो तो आंबिया. पावसाळ्याच्या तोंडाला, मृग नक्षत्रावर फुलतो तो मृग.

बापाचा चेहरा उजळला. “दुपारी तं सारंच पान मान टाकते. त्याले विचारू नाही. सकाळी उठून पाहाचं. सकाळीही पान उभं राह्यलं नाही म्हणजे ताण बसला. हलक्या जमिनीत लवकर, भारीत उशिरा. पण आता मधातच पाणी येऊन जाते अन् सारा ताण मोडते.”

विद्यार्थी वर पाहू लागला. “बाबा, हेच आमच्या पुस्तकात आहे. रात्रभरात पान सावरलं नाही म्हणजे जमिनीतलं झाडाला घेता येईल असं पाणी संपलं. आम्हांला हे सहा ओळींत लिहावं लागते.”

“मंग माह्यापासून शिकला असता तं फी वाचली असती!” बाप म्हणाला आणि प्रथमच हसला.

तेव्हा मला एक गोष्ट आठवली, ती मी सांगितली. फ्रान्सात बोर्डो शहराच्या परिसरात द्राक्षांवर केवड्या रोगाने कहर केला होता. वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून तिथले काही बागाईतदार वाटेकडच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे निळे पाणी शिंपडीत. १८८२ च्या हंगामात मिलार्डे नावाच्या प्राध्यापकाने पाहिले की नेमक्या त्याच वेली हिरव्या आहेत. तो त्या शेतकऱ्यांपाशी थांबला, विचारपूस केली, प्रयोग केले, आणि १८८५ मध्ये त्याने ते औषध जगापुढे मांडले. तेच बोर्डो मिश्रण.

“म्हणजे चोरासाठी केलं अन् रोगाले लागलं,” बाप म्हणाला. “अन् मास्तर होता म्हणून समजलं.”

“आणि शेतकरी होता म्हणून मास्तरला समजलं,” मी म्हणालो.

यावर ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र मुलाला म्हणाले, “दोन ओळी तुया. बाकीच्याले हात लावू नको.”

त्या दोन ओळींत मुलाने खोडाभोवतीची माती काढून जोड मोकळे केले. डिंकाची साल पाजवलेल्या चाकूने खरवडली. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी यांचा बोर्डो मलम करून खोडांना लावला. मग दुहेरी आळे केले: खोडाजवळ मातीचा उंच कोरडा वेढा आणि त्याच्या बाहेर पाण्याचे आळे, म्हणजे पाणी मुळांना मिळावे पण खोडाला शिवू नये. मी आपला बादली धरून उभा होतो. एक बगीचेवाला वाटेने जाताजाता थांबला आणि म्हणाला, “काहून बाप्पा, झाडाले पायजमा घालून राह्यले का?”

सुट्टी संपून परतल्यावर, डिसेंबरच्या थंडीत, विद्यार्थ्याने आमच्या जंबेरीचाही निकाल लावला. गल्लीचे मत तोडण्याचे होते. त्याने ती गुडघ्याशी छाटली, मूळची माती खाली ओढली, आणि फुटलेल्या एका जोमदार कोंबावर, चांगला वीतभर वर, जाळीतल्या रोपवाटिकेतून आणलेला एक डोळा भरून पट्टी बांधली. तीन आठवड्यांनी पट्टी सोडली तेव्हा तो हिरवा होता. “खुंट रंगपूरचा नाही, म्हणून जपावं लागेल,” त्याने बजावले. तेव्हापासून खालून फुटणारे जंबेरीचे कोंब दर पंधरा दिवसांनी खुडणे हे काम माझ्याकडे आहे. एक पंधरवडा चुकला की जंबेरी पुन्हा घर बळकावू पाहते.

ते कोंब खुडताना माझ्या मनात नेहमी एकच विचार येतो. अमरावती रस्त्यावर ज्ञान आहे. काटोलच्या धुऱ्यावरही ते आहे, आणि ते अधिक जुने, अधिक खोल आहे. उणीव आहे ती जोडाची. शिकलेला मुलगा हा तो जोड. त्याला आपण एक तर गावच्या मातीत गाडतो, म्हणजे ‘तुले काय समजते’ म्हणून गप्प बसवतो. नाही तर त्याला खुंटावरून तोडून शहरातल्या प्लॉटवर आणून लावतो. मोकळ्या हवेत, दोघांच्या मधोमध, त्याला कोणी राहू देत नाही. कृषी शिक्षणावर शंभराहून अधिक वर्षे या शहराने खर्च केली. एवढी एक गोष्ट मात्र पुस्तकात लिहून भागणारी नाही.

या पावसाळ्यात बगीच्यातली बरीच झाडे गेली. त्या दोन ओळींतली चार गेली, बाकीच्या ओळींत त्याहून अधिक. मी आनंदाने हे कुणाला तरी सांगू लागलो तेव्हा विद्यार्थ्यानेच मला थांबवले. “सर, एका वर्षाचं काही धरू नका. दोन ओळी म्हणजे पुरावा नव्हे.” शिकलेले पोर ते असे.

गणपतीनंतर त्याचे वडील हुडकेश्वरला आले. प्लॉट पाहायचा होता. चहा झाला, पण ते उठले ते फाटकाकडे न जाता अंगणातल्या झाडाकडे गेले. आता ते कमरेइतके झाले आहे. उकिडवे बसून त्यांनी बोटाने जोड चाचपला, त्याच्या खालची मोकळी जागा मोजल्यासारखी केली.

“डोळा वर ठेवला. बरं केलं,” ते म्हणाले.

मग धोतराला हात पुसत उठले आणि मुलाला म्हणाले, “रंगपूरच्या कलमांचं तिकडं नाव टाकून ठेव. गेलेल्या झाडांच्या जागा भराच्या हाये. प्लॉटचं पुढच्या वर्सी पाहू.”